गावचे दिवे आणि रात्रीची जीवसृष्टी

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की कृष्णा-वारणेकाठच्या ऊसपट्ट्यात हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडू लागतात. तिन्हीसांजेस ते बांधावरील कडुनिंबावर व बाभळीवर उतरतात, पाला कुरतडतात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. या दिवसांत कृषी खाते शेतकऱ्यांस प्रकाशसापळा लावण्याची शिफारस करते. सापळा म्हणजे एक दिवा आणि त्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे घमेले. भुंगेरा दिव्याभोवती घिरट्या घालतो, आदळतो आणि घमेल्यात पडतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांनी हा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणून प्रस्तुत पाठाचा आरंभ शिक्षकांनी येथूनच करावा आणि वर्गास एकच प्रश्न विचारावा : ज्या दिव्याखाली आपण घमेले ठेवलेले नाही, तो दिवा सापळा नसतो काय?

मुले थोडा विचार करून बरोबर उत्तर देतील असा भरवसा वाटतो. चौकातील खांबाखाली सकाळी पडलेले पंख, देवळाच्या ओवरीत झाडताना निघणारे मेलेले पतंग, शाळेच्या व्हरांड्यातील बल्बपाशी टपून बसलेली पाल, ही सारी त्या उत्तराची साक्ष होय. फरक इतकाच की शेतातील सापळा आपण विशिष्ट किडीसाठी, विशिष्ट दिवसांत लावतो. तो रात्रभर जळत न ठेवता सायंकाळचे काही तासच लावावा असे सांगितले जाते, कारण उत्तररात्री उपयोगी कीटकही त्यात सापडू लागतात. गावातील दिवा मात्र बारा महिने, सर्व रात्र, सर्वांसाठी सापळा होऊन बसलेला असतो.

कीटक दिव्याकडे का येतात?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ काळ असे दिले जात असे की, कीटक चंद्राच्या आधाराने दिशा ठरवितात आणि दिव्यास चंद्र समजून फसतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या कीटकांची उड्डाणे टिपण्यात आली आणि निराळेच कारण पुढे आले. उडणारा कीटक आपली पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतो. कोट्यवधी वर्षे रात्रीदेखील आकाश हे जमिनीपेक्षा उजळच असल्यामुळे, जिकडे उजेड तिकडे वर, हा नियम त्यास पुरेसा होता. दिव्याजवळ येताच हाच नियम त्याचा घात करतो. दिवा बाजूस असला तर पाठ दिव्याकडे वळते आणि कीटक गोल फिरत राहतो. दिवा खाली असला तर तो उलटा होऊन कोसळतो. म्हणजे कीटक दिव्याच्या मोहाने येत नाही. वर कोणते आणि खाली कोणते, हेच त्यास कळेनासे होते. दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाची आपल्याकडील जुनी उपमा काव्यात राहो, शास्त्राच्या पाठात तिला दुरुस्ती हवी.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते व पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. दिव्याचा उजेड आडवा किंवा वर न जाता केवळ जमिनीवर पडला, तर आसपासच्या हवेतून जाणाऱ्या कीटकास तो दिवा फारसा दिसतच नाही.

काजवे, वटवाघळे आणि सोयाबीन

मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाळा स्थिरावेपर्यंत सह्याद्रीच्या कुशीत, महाबळेश्वर-कासच्या बाजूस व कोयना खोऱ्यात, काजवे चमकतात. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपाने ओलसर मातीत, लहान गोगलगाई खाण्यात जातो. पंख फुटल्यावर त्यास थोडेच आठवडे मिळतात आणि तेवढ्यात जोडीदार शोधावयाचा असतो. नर उडता उडता ठराविक लयीने चमकतो, गवतातील मादी त्यास उत्तर देते. हे संभाषण अंधारातच चालू शकते. जवळ पांढरा लख्ख दिवा असला की उत्तर दिसत नाही, जोडी जुळत नाही आणि पुढल्या वर्षीच्या काजव्यांची संख्या तितकी घटते. झाडावर काजवे दिसले म्हणून त्यांच्यावर बॅटरीचा झोत टाकणारे किंवा मोटारीचे दिवे चालू ठेवून उभे राहणारे हौशी प्रवासी हेच नुकसान करीत असतात. ज्या शाळा घाटमाथ्यावर आहेत त्यांनी हे पाहुण्यांस नम्रपणे सांगण्याचे काम मुलांकडे द्यावे. मुलांचे सांगणे मोठी माणसे ऐकतात असा अनुभव आहे.

वटवाघळांचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. काही जातींची चपळ वटवाघळे दिव्याभोवती जमलेले कीटक टिपण्यासाठी मुद्दाम येतात आणि त्यावरून दिवा त्यांच्या फायद्याचा आहे असा समज होतो. परंतु संथ उडणाऱ्या, नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असणाऱ्या जाती उजेड टाळतात. इंग्लंडमधील संशोधकांनी अशा वटवाघळांच्या येण्याजाण्याच्या कुंपणवाटेवर दिवे लावून पाहिले. त्यांचे जाणेयेणे पुष्कळ घटले असे त्यांनी २००९ साली नमूद केले. कीटकभक्षी वटवाघूळ एका रात्रीत शेकडो कीटक खाते. त्याची वाट आपण उजेडाने अडविली तर पिकावरील किडीचा भार वाढणारच. आपल्याकडे वटवाघळास अशुभ मानण्याची चाल आहे. या पाठाच्या निमित्ताने ती थोडी ढिली झाली तर बरे होईल.

परागीभवनाचेही असेच आहे. रातराणी, पारिजातक यांसारखी फुले सायंकाळनंतर उमलतात व त्यांचा सुगंध पतंगांसाठी असतो. स्वित्झर्लंडमधील कुरणांत रात्री दिवे लावून केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, फुलांवर येणाऱ्या रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या आणि अभ्यासलेल्या वनस्पतीस १३ टक्के फळे कमी धरली. दिवसा मधमाश्या येत होत्या, तरीही ती तूट भरून निघाली नाही, ही त्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

तथापि गावातील पालकांस पटवावयाचे असेल तर पतंगापेक्षा सोयाबीनचे उदाहरण अधिक उपयोगी पडेल. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक आहे. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजे ते फुलावर येते. खांबावरील दिव्याचा उजेड शेताच्या कडेवर रात्रभर पडत राहिला, तर त्या ओळींस रात्र झाल्याचे कळत नाही. बाकीचे शेत पिवळे पडून काढणीस येते आणि दिव्याखालचा तुकडा हिरवागार उभा राहतो. त्यास शेंगा उशिरा धरतात. ज्या शाळेजवळ रस्त्याकडेस सोयाबीन असेल, तेथे भाद्रपद-आश्विनात मुलांस नेऊन हा तुकडा दाखवावा आणि खांबापासून तो किती पावलांपर्यंत पसरला आहे हे मोजावे. हाच गुण ओळखून काही बागायतदार शेवंतीच्या शेतात मुद्दाम रात्री दिवे लावून फूल लांबणीवर टाकतात. ड्रॅगनफ्रूटचे पीक याच्या उलट स्वभावाचे, म्हणून हंगामाबाहेर त्यास फुलविण्यासाठी दिवे लावतात. जे हेतुपूर्वक केले तर तंत्र ठरते, तेच नकळत झाले तर नुकसान करते.

दिवा कसा असावा

आता कामाच्या भागाकडे वळू. प्रकाशप्रदूषण हा शब्द मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे : नको तेथे, नको त्या वेळी, नको तितका किंवा नको त्या रंगाचा उजेड. हवा आणि पाणी यांच्या प्रदूषणाहून हे एका बाबतीत सोपे आहे. बटण बंद केले की ते त्या क्षणी संपते, मागे गाळ उरत नाही.

सर्वांत प्रथम पाहावे ती दिव्याची टोपी, म्हणजे शेड. आपल्या गावांतून पुष्कळ ठिकाणी नुसता बल्ब होल्डरमध्ये अडकविलेला असतो. त्याचा उजेड चोहीकडे जातो आणि जवळजवळ निम्मा क्षितिजाच्या वर, आकाशाकडे. त्याचा उपयोग कोणासही नाही, पण वीजबिल मात्र त्याचेही भरावे लागते. क्षितिजापेक्षा किंचित वर गेलेला उजेड सर्वांत वाईट. तो हवेच्या थरांतून फार दूरवर जातो आणि धूळ व बाष्प यांच्यावर विखुरून आकाश फिके करतो. कराड किंवा मिरजेच्या दिशेस रात्री क्षितिजावर जो पांढुरका घुमट दिसतो, तो अशा वाया गेलेल्या उजेडाचाच. उपाय असा की बल्बचे सर्वांत खालचे टोक शेडच्या काठापेक्षा वर असावे. याची परीक्षा सोपी आहे. दिव्याच्या उंचीवर, उदाहरणार्थ शाळेच्या गच्चीवर, उभे राहून पाहावे. बल्ब दिसता कामा नये, त्याने उजळलेली जमीन तेवढी दिसावी.

येथे गणिताच्या शिक्षकांस एक चांगले उदाहरण मिळते. गोल शेडची त्रिज्या १० सेंटिमीटर असून बल्ब तिच्या काठाच्या ५ सेंटिमीटर वर आहे असे समजू. त्रिज्या खोलीच्या दुप्पट झाली. बल्ब जमिनीपासून ४ मीटर उंच असेल तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने जमिनीवर ८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ उजळेल. बल्ब आणखी आत सरकवून काठाच्या १० सेंटिमीटर वर नेला, तर वर्तुळाची त्रिज्या ४ मीटरच राहील. म्हणजे आपणास किती जागा उजळावयाची आहे हे प्रथम ठरवून त्याप्रमाणे शेडची खोली काढता येते. सातवीच्या वर्गाने मेणबत्ती व पुठ्ठ्याची नळी घेऊन हे भिंतीवर करून पाहावे. शेडचा आतील भाग पांढरा रंगवावा, म्हणजे तोच उजेड खाली परतून कमी वॅटच्या बल्बने काम भागते. मात्र प्रत्यक्ष वीजजोडणीस हात लावण्याचे काम वायरमननेच करावयाचे आहे. खांब वीज कंपनीचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो, पत्र्यास विजेचा स्पर्श होऊ शकतो आणि एलईडीस उष्णता बाहेर जाण्यास जागा लागते. मुलांस शिडीवर चढवून उत्साह दाखवू नये.

दुसरी गोष्ट रंगाची. दुकानात मिळणाऱ्या एलईडी बल्बच्या वेष्टनावर २७००, ४००० किंवा ६५०० असा आकडा असतो. तो प्रकाशाचे रंगतापमान केल्विनमध्ये सांगतो. आकडा जितका मोठा तितका प्रकाश पांढरा-निळसर. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते त्याचे जे कारण, तेच येथेही. कीटकांचे डोळे निळ्या व अतिनील प्रकाशास फार संवेदनशील असतात, तेव्हा असा दिवा त्यांस अधिक भुलवितो. माणसाच्या शरीरालाही निळसर उजेड दिवस असल्याची सूचना देतो व झोप लांबते. म्हणून घराबाहेरच्या दिव्यासाठी २७०० किंवा त्याहून कमी आकड्याचा, पिवळसर बल्ब घ्यावा. जंगलाच्या कडेस २२०० चा, जवळजवळ नारिंगी बल्ब अधिक चांगला. पूर्वीचे सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेव्हा वीज वाचली हे खरे. परंतु त्यासोबत निळसर उजेडही गावोगाव पोचला. फ्रान्सने डिसेंबर २०१८ च्या शासननिर्णयाने बाहेरील दिव्यांच्या रंगतापमानावर ३००० ची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, परंतु बल्ब निवडण्यास कायदा लागत नाही.

तिसरी गोष्ट तेजाची. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्यात जमिनीवर पाव लक्सच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उजेड पडतो, आणि तेवढ्यावर आपले पूर्वज बैलगाड्या हाकीत होते. रस्त्यावरच्या दिव्याखाली साधारण पाच ते वीस लक्स असतो. अलीकडे चौकाचौकांत उंच खांबावर पाच-सहा झोतांचे हायमास्ट उभे राहतात. ते गावाच्या अभिमानाचा विषय झाले आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी जपून लिहावे लागते. तरीही इतके म्हणणे भाग आहे की हायमास्टचे झोत बहुधा तिरपे बसविलेले असतात व त्यांचा उजेड चौक ओलांडून पिंपळावर, ओढ्यावर आणि समोरच्या घरातील निजलेल्या माणसावर पडतो. खांब तसाच ठेवून झोत पूर्णपणे खाली वळविले, तरी अर्धे काम होते. यात्रेची गोष्ट निराळी. ती दोन-चार दिवसांची असते आणि लोकांच्या आनंदाची असते. मात्र आकाशात झोत फेकणारे शार्पी दिवे यात्रेतही नसावेत असे आमचे मत आहे. देवाच्या पालखीपुढे उजेड हवा, ढगांवर नको.

चौथी गोष्ट वेळेची. गावातील रहदारी रात्री अकरानंतर थांबते आणि पहाटे पाचला दुधाच्या गाड्यांनी सुरू होते. मधले सहा तास बहुतेक दिवे कोणासाठी जळतात? येथे मुलांकडून हिशेब करवून घ्यावा. गावात २० वॅटचे २५ दिवे आहेत. सर्व मिळून ५०० वॅट. रोज १२ तास जळले तर ६ युनिट, वर्षास २,१९० युनिट. मधले सहा तास बंद ठेवले तर १,०९५ युनिट वाचतात. आपल्या ग्रामपंचायतीस पथदिव्यांच्या युनिटचा जो दर पडतो तो ग्रामसेवकांकडून विचारून त्याने गुणावे. पथदिव्यांच्या बिलाची थकबाकी हा ग्रामपंचायतींच्या बैठकीतील जुना विषय असल्यामुळे हा आकडा लक्षपूर्वक ऐकला जाईल. सर्वच दिवे बंद करणे नको असेल तर टायमर लावून एकाआड एक बंद ठेवावेत, किंवा माणूस जवळ येताच पेटणारे दिवे वापरावेत.

अंधाराची भीती

या सूचनांवर गावकरी एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. कोयनेची वीज १९६२ साली वाहू लागली, आणि त्यानंतरही कित्येक वाड्यावस्त्यांनी पुढील अनेक वर्षे कंदिलावर काढली. ज्या आजीने अंधारात विंचवाची वेदना सोसली, तिला उजेड कमी करा असे सांगणे सोपे नाही. शिवाय पाटण, कराड, शिराळा, वाळवा या तालुक्यांत उसात बिबट्याचा वावर आहे. सायंकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलीच्या आईस उजेडाचा आधार वाटतो. हा आधार काढून घेण्याचा अधिकार आपणास नाही, आणि तशी गरजही नाही.

शिक्षकांनी येथे नेमके बोलावे. वाटेवर उजेड हवा, तो वाटेवरच पडावा, इतकाच आपला आग्रह आहे. उघड्या, झगझगीत बल्बने सुरक्षितता वाढते हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. असा बल्ब डोळ्यांवर येतो, बाहुली आकुंचन पावते आणि बल्बच्या पलीकडील सावलीत काय आहे हे मुळीच दिसत नाही. डोळा अंधारास पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. एका झगझगीत दिव्याने ती कमाई क्षणात जाते. दोन मुलांस खांबापासून दूर उभे करावे आणि तिसऱ्याने दिव्यावर वहीचा आडोसा धरून त्यांच्याकडे पाहावे. आडोसा धरताच ती मुले अधिक स्पष्ट दिसतात. हा प्रयोग पालकसभेत करून दाखविल्यास व्याख्यानाची जरुरी उरत नाही.

सापांविषयी तर उलटच आहे. दाराशी पांढरा बल्ब रात्रभर जळत असला की कीटक जमतात, कीटकांमागे पाली व बेडूक येतात, आणि बेडकांमागे नाग येण्याचा संभव असतो. बत्तीस शिराळ्याच्या परिसरातील जाणत्या माणसांस ही साखळी समजावून सांगण्याची गरज नाही. दारात पिवळसर, झाकलेला, गरजेपुरता पेटणारा दिवा, वाटेने जाताना हातात बॅटरी, आणि मण्यारीपासून बचावासाठी जमिनीऐवजी खाटेवर मच्छरदाणी लावून झोप, या तिन्ही गोष्टी उघड्या बल्बपेक्षा अधिक कामाच्या आहेत. बिबट्याच्या बाबतीत लक्षात ठेवावयाचे ते असे की तो बहुधा कुत्र्यामागे गावात येतो, आणि कुत्री उकिरड्यावर असतात. उकिरडा तसाच ठेवून वर हायमास्ट लावणे हा उपाय नव्हे. मुलांनी सायंकाळी घोळक्याने, बोलत यावे, बॅटरी बाळगावी आणि ज्या वाटेने ती येतात त्या वाटेवर कमी उंचीचे, खाली पाहणारे दिवे असावेत.

पेंचचे उदाहरण व आपले दोन जिल्हे

महाराष्ट्रात या दिशेने झालेल्या कामाचे ठळक उदाहरण नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचे. जानेवारी २०२४ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. भारतातील ते पहिलेच होय. तेथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या जंगलालगतच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे पाहणारे बसविण्यात आले आणि वाघोड्याजवळ आकाशनिरीक्षणासाठी जागा तयार झाली. गावे अंधारात बुडाली नाहीत. रस्ते पूर्वीप्रमाणेच उजळलेले आहेत, केवळ आकाश मोकळे झाले. त्यापूर्वी २०२२ साली लडाखमधील हानले येथे राखीव अंधाऱ्या आकाशाचा प्रदेश घोषित झाला होता, परंतु तेथील निर्जन पठारापेक्षा पेंचच्या भरल्या गावांचे उदाहरण आपणास अधिक जवळचे.

आपल्या दोन जिल्ह्यांत अशा कामास जागा थोड्या नाहीत. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच्या कडेस पाटण, जावळी व शिराळा तालुक्यांतील गावे आहेत. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसास्थळांत गणले जाते. ते फुलांसाठी प्रसिद्ध असले तरी त्या फुलांकडे येणारे पतंग कोणाच्या गणतीत नसतात. देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तेथून जवळच असलेले सागरेश्वर अभयारण्य चारी बाजूंनी बागायती गावांनी वेढलेले आहे. तेव्हा तेथील हरणांची रात्र बव्हंशी शेजारच्या दिव्यांवर अवलंबून राहणार. खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव पक्ष्यांसाठी ओळखला जातो, आणि स्थलांतर करणारे कित्येक पक्षी रात्री, ताऱ्यांच्या आधाराने प्रवास करतात. आसामातील जतिंगा येथे धुक्याच्या, चांदणे नसलेल्या रात्री दिव्यांकडे पक्षी झेपावतात ही गोष्ट भूगोलाच्या तासास सांगण्यासारखी आहे. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धावतात, आणि जमिनीवरील दिवा त्यांस उलट दिशेस नेतो, हेही त्यास जोडावे.

गावाने एकत्र येऊन सायंकाळचा नियम ठरविणे अशक्य आहे असे कोणी म्हटले तर कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव दाखवावे. तेथे २०२२ च्या ऑगस्टपासून सायंकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासास बसतात. विषय निराळा आहे, परंतु पद्धत तीच : ग्रामसभेत बोलणे, स्त्रियांचे म्हणणे ऐकणे, आणि ठरलेले रोज पाळणे.

वर्गात करावयाचे काम

परिसर अभ्यासाच्या तासांत हा विषय दोन-तीन आठवडे चालवावा. आरंभी मुलांनी आपापल्या आळीतील दिव्यांचा नकाशा काढावा. प्रत्येक दिव्यापुढे चार नोंदी असाव्यात : शेड आहे की नाही, रंग पांढरा की पिवळा, उजेड कोठे पडतो, आणि तेथून रात्री अकरानंतर कोणी जाते काय. शेवटच्या नोंदीसाठी मुलांनी जागण्याची गरज नाही, घरातील मोठ्यांस विचारावे. पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या व्हरांड्यात एका रात्री पांढरा व दुसऱ्या रात्री तितक्याच वॅटचा पिवळसर बल्ब अर्धा-अर्धा तास लावावा, मागे पांढरे धोतर टांगावे आणि त्यावर बसलेल्या कीटकांची गणती करावी. दोन्ही रात्री एकाच वेळी व सारख्या हवामानात घ्याव्यात, नाहीतर तुलना व्यर्थ. जाती ओळखता आल्या नाहीत तरी चालेल. पतंग, भुंगेरे, चिलटे एवढे भेद पुरेत. गणती संपताच दिवा मालवावा, म्हणजे आलेले प्राणी आपल्या वाटेने जातील.

ताऱ्यांची गणती हिवाळ्यासाठी ठेवावी. जगातील हजारो हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या अशाच गणतीवरून, आकाशाचा फिकटपणा वर्षास सरासरी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढत असल्याचे २०२३ साली दिसून आले. त्यापूर्वी २०१६ च्या एका जागतिक नकाशानुसार पृथ्वीवरील एक तृतीयांश माणसांस आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. माण, जत, आटपाडीच्या माळावरील मुलांस ती अद्याप दिसते. त्यांना ही आपली श्रीमंती आहे हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

पौष-माघातील अमावास्येच्या मागेपुढे, रात्री आठ-साडेआठच्या सुमारास, मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. त्याच्या चार कोपऱ्यांच्या ताऱ्यांनी झालेल्या चौकटीत किती तारे दिसतात ते प्रत्येक मुलाने मोजावे, शेजारच्या कृत्तिकांतही किती ते लिहावे. प्रथम चौकातील दिव्याखाली मोजावे, नंतर गावाबाहेर खळ्यावर, पालकांच्या सोबतीने, डोळ्यांस वीस मिनिटे अंधाराची सवय करून. दोन्ही आकडे, तारीख, तिथी, ढग होते की नाही, आणि निरीक्षकाची इयत्ता शाळेच्या नोंदवहीत उतरावी. पुढील वर्षी त्याच महिन्यातील अमावास्येस, त्याच खळ्यावरून, पुढल्या वर्गाच्या मुलांनी पुन्हा मोजावे आणि मधल्या काळात गावात कोणता दिवा नवा लागला किंवा झाकला गेला ते आकड्यांच्या बाजूस लिहून ठेवावे.